इंटरकूलर लावा, पण आधी बाऊलचा होज हलवा

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर सांगता येईल. कार्ब्युरेटरवाली १.३ जिप्सी. टर्बो कार्बच्या आधी, म्हणजे दाबाची हवा कार्बमधून जाते. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ७ पीएसआय. सोलापूरहून दुपारी निघून तुळजापूरचा घाट चढताना इंजिन नॉक करतं, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोकल्यासारखा आवाज येतो, आणि गॅरेजमध्ये सांगितलंय की इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) टाका, सगळं मिटेल. शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की फ्लोट बाऊलच्या (कार्बमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) बाहेरच्या व्हेंटला, म्हणजे हवेच्या तोंडाला, टर्बोच्या कॉम्प्रेसरवरच्या निपलवरून होज दिलाय. मला ती शेवटची ओळच सगळ्यात महत्त्वाची वाटते. आमच्या गाडीचे दोन पिस्टन ह्याच होजपायी गेले.

इंटरकूलर लावावा का? तुमच्या बूस्टला आणि आपल्या उन्हाळ्याला, हो. सोलापूर साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाबच १३.९ पीएसआयच्या आसपास असतो. त्यावर ७ चढवले की दाब दीडपट होतो. मे महिन्यात ४२ अंशाची हवा आत गेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा १०० अंशांच्या वर जाते. बरा इंटरकूलर तिला ६५ अंशांच्या जवळ आणतो. पाच पीएसआयच्या खाली असाल तर मात्र मी हा खर्च करणार नाही. टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घ्या, एक नंबर थंड प्लग टाका, तेवढं पुरतं. पेट्रोल बाष्प होताना मिश्रण स्वतःही २५ अंशांच्या आसपास थंड होतं, आणि आताच्या ई२० मध्ये (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) इथेनॉलमुळे त्याहून थोडं जास्तच.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक इशारा. तुमचा कार्ब टर्बोच्या आधी असेल आणि टर्बो कार्बमधून ओढत असेल, तर इंटरकूलरचा विचार सोडून द्या. पेट्रोल मिसळलेली हवा त्या नळ्यांतून गेली की पेट्रोल भिंतींना चिकटतं, इंटरकूलरच्या खालच्या टाकीत साचतं, वळणावर एकदम गोळा होऊन इंजिनात जातं. एक बॅकफायर झाला तर भरलेला इंटरकूलर फुटतो. ब्यूकने १९७८ मध्ये अशा ओढणाऱ्या कार्बसह व्ही-६ टर्बो काढला, पण इंटरकूलर १९८६ साली आला, म्हणजे १९८४ मध्ये इंजेक्शन बसवल्यानंतर. उलट १९८५ च्या रेनो ५ जीटी टर्बोमध्ये तुमच्यासारखीच मांडणी होती: टर्बो, मग इंटरकूलर, मग एकच सोलेक्स कार्ब. ती कारखान्यातूनच तशी यायची. गरम इंजिन पुन्हा सुरू होताना ती त्रास द्यायची, आणि तो त्रास तुम्हालाही होणार, हे आत्ताच धरून चला.

आता होज. कार्ब पेट्रोल मोजतो तो बाऊलमधला दाब आणि व्हेंचुरीच्या (कार्बमधल्या अरुंद वाटेच्या) गळ्यातला दाब यांच्या फरकावर. हा फरक अगदी लहान असतो. पूर्ण लोडलाही तो पाण्याच्या मीटरभराहूनही कमी उंचीएवढाच. १ पीएसआय म्हणजे ७० सेंटिमीटर पाणी. इंटरकूलर आणि त्याचे पाइप मिळून पूर्ण प्रवाहाला १ पीएसआय खाणं अगदी साधी गोष्ट आहे. तुमचा होज कॉम्प्रेसरवर आहे, म्हणजे बाऊलला इंटरकूलरच्या आधीचा दाब मिळतो आणि गळ्याला नंतरचा. म्हणजे कार्बच्या सगळ्या मोजमापाएवढी चूक तुम्ही त्या एका नळीतून बाऊलमध्ये घालता. आज इंटरकूलर नाही, पाइप हातभर आहे, म्हणून चालतंय. उद्या बसवलात की वरच्या आरपीएमला काळा धूर सुटणार.

आणि खरं नुकसान इथून पुढे होतं. धूर दिसला की गॅरेजमध्ये, नाव घेत नाही, मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) लहान करून दिले जातात. धूर जातो, गिऱ्हाईक खूश. पण जिप्सीचा कार्ब दोन गळ्यांचा आहे: आधी उघडतो तो प्रायमरी, जास्त थ्रॉटलला उघडतो तो सेकंडरी. प्रायमरी एकटा चालतो तेव्हा सगळी हवा त्यातूनच जाते, त्याचा स्वतःचा सक्शन जोरात असतो आणि चुकीच्या दाबाचा वाटा कमी पडतो. सेकंडरी उघडला की तीच हवा दोन वाटांनी जाते, प्रत्येक गळ्यातला सक्शन जवळजवळ चौथाईवर येतो, आणि मिश्रण एकदम रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं. दोन्ही गळे उघडे असताना धूर गेला पाहिजे म्हणून जेट कापले, की प्रायमरी एकटा असताना मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. तेही बूस्ट असताना, घाटात, तिसऱ्या गिअरला, अर्ध्या थ्रॉटलवर. तिथे पिस्टनच्या रिंगच्या खाचा तुटतात. धूर गेला म्हणून सगळं बरोबर आहे असं समजून माणूस गाडी पळवत राहतो, याचा मला आजही राग येतो. लॅम्डा मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) न लावता जेटला हात लावणाऱ्याकडे टर्बोची गाडी देऊ नका.

म्हणून क्रम असा ठेवा. कॉम्प्रेसरचा निपल वेस्टगेटपुरता (बूस्टवर मर्यादा ठेवणाऱ्या झडपेपुरता) राहू द्या. बाऊलचा दाब कार्बच्या डोक्यावरच्या हॅटमधूनच (हवा आत आणणाऱ्या बंद टोपीतूनच) घ्या. कार्बला आतला व्हेंट असेल आणि कुणी तो बुजवला असेल, तर मोकळा करा आणि बाहेरचा बंद करा. हॅटमध्ये येणारा झोत मात्र थेट व्हेंटच्या तोंडावर आपटू देऊ नका. ५० मिलिमीटरच्या पाइपमधल्या झोताचा जोर तुमच्या इंजिनाला पाण्याच्या सहा सेंटिमीटरपर्यंत जातो, तोही चुकीत मिळतो. मध्ये एक लहान पत्रा आडवा लावला तरी फरक पडतो. पेट्रोलच्या रेग्युलेटरचा दाबाचा होजही हॅटवरूनच घ्या. बूस्टपेक्षा कायम ३ पीएसआय जास्त हवं, म्हणजे तुम्हाला पंपाकडून निदान १० पीएसआय, मागे परतीच्या लाइनसह. कार्बच्या गाडीसाठी मिळणारा साधा इलेक्ट्रिक पंप तिथे दम टाकतो. फ्लोट पोकळ असेल तर दाबाने चेपतो; भरीव फोमचा मिळाला तर बरं.

तपासायला महागडं काही लागत नाही. दोन मीटर पारदर्शक नळी घ्या, यू आकारात वाकवा, रंगीत पाणी घाला, एक टोक हॅटला, दुसरं बाऊलला टी लावून. दोन्हीकडे बूस्ट असल्याने पाणी फक्त फरक दाखवतं. दोन्ही टोकांना मध्ये रिकामी बाटली ठेवा, नाहीतर पाणी कार्बमध्ये जाईल. शेजारी बसलेल्याने वाचायचं, चालवणाऱ्याने नाही. फरक दोन-तीन सेंटिमीटरच्या वर गेला तर व्हेंटची जागा चुकली आहे. इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंचा फरक मात्र गेजवर बघा. दीड पीएसआय खात असेल तर तो लहान आहे, बदला.

होज बरोबर करून इंटरकूलर बसवल्यावर मिश्रण उलट थोडं लीन होईल. थंड हवा घट्ट असते, पण कार्बमधून पेट्रोल वाढतं ते घनतेच्या वर्गमुळाने. दाबातली घट धरूनही तीन ते पाच टक्के फरक पडतो, म्हणून ११० चा जेट असेल तर ११२-११३ पासून सुरू करा. ई२० साठी जेट आधी कधी वाढवलेच नसतील तर त्याचं वेगळं. बूस्टमध्ये मीटरवर ११.५ ते १२ (एक भाग पेट्रोलला इतके भाग हवा, वजनाने) ठेवा. मीटर पेट्रोलच्या पट्टीवर असेल तरी हाच आकडा ई२० ला चालतो, कारण मीटर मुळात लॅम्डा मोजतो. टायमिंग एका पीएसआयला एक अंश मागे, हा ढोबळ हिशोब सुरुवातीला तसाच ठेवा, आणि थंड हवा आली म्हणून लगेच बूस्ट वाढवू नका.

भंगारातला डिझेल गाडीचा इंटरकूलर चालतो, दीड लिटरपर्यंतच्या गाडीचा घ्या. आतलं तेल पेट्रोलने धुऊन पूर्ण वाळवा, तोंडं बंद करून १५ पीएसआय हवा भरा आणि पाण्यात बुडवून बघा. टाक्यांना नवी तोंडं अ‍ॅल्युमिनियमच्या आर्गॉन वेल्डिंगनेच करून घ्या, एमआयडीसीत होतं. रेडिएटरसमोर लावलात की पाण्याचं तापमान वाढेल, फॅन तपासा. ज्यांची गाडी पॉवरलूमच्या गल्ल्यांत उभी असते त्यांनी महिन्यातून एकदा जाळी मागून पुढे हवेने साफ करावी. तिथली रुई आणि धूळ मिळून फिन्सवर घोंगडं धरतं.

कायद्याचं एवढंच, की आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो, त्याची जबाबदारी तुमची. थ्रॉटल शाफ्टमधून पेट्रोलची वाफ गळली तर खाली तापलेला टर्बो आहे, तेव्हा अग्निशामक गाडीत ठेवूनच हे काम करा. माझे आकडे १.३ च्या इंजिनाचे आणि ७ पीएसआयचे आहेत, दुसऱ्या कुणी तसेच उचलू नयेत.

इंटरकूलर विकत घेण्याआधी आहे त्या अवस्थेत यू नळी लावून एकदा वाचन घ्या आणि इथे टाका. सोबत दोन्ही गळ्यांच्या जेटचे नंबर आणि डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम लाइन कुठून घेतली आहे तेही लिहा. बूस्ट असतानाही तिथे सक्शन राहत असेल तर टायमिंग पुढे जातं, आणि नॉकिंगचं अर्धं कारण आधीच सापडेल.