होल्डसाठी एफडी मोडायची का?

तासगावच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. ताई शाळेत शिक्षिका, मिस्टरांची द्राक्षबाग, यंदाचा बेदाणा सगळा कोल्ड स्टोरेजला लावलाय आणि भाव आल्याशिवाय काढायचा नाही असं घरात ठरलंय. मे च्या शेवटच्या आठवड्यात चौघं सहा दिवस दुबईला चाललेत, विमान-हॉटेलचे पैसे एजंटला भरून झालेत. आता एजंट सांगतोय की हॉटेलवाले चेक-इनला कार्डवर १,००० दिरहॅम होल्ड करतील, म्हणजे डिपॉझिट म्हणून अडकवून ठेवतील, आणि चार दिवस गाडी भाड्यानं घ्यायची तर तिथं १,५०० दिरहॅम वेगळे, ते पण गाडी चालवणाऱ्याच्या नावाच्या कार्डवर. ताईंकडं ५० हजार लिमिटचं क्रेडिट कार्ड आहे, मिस्टरांकडं फक्त डेबिट. पगाराच्या जॉइंट खात्यात १ लाख १० हजार आहेत, त्यातनंच ५ तारखेला घराचा १८,४०० चा हप्ता जातो. भाऊ म्हणतोय डेबिट द्या की, परतच मिळतंय. मिस्टर म्हणतात माझ्या नावची ३ लाखाची एफडी मोडून खात्यात टाकतो, डोक्याला ताप नको.

ताई, नमस्कार. एफडी मोडू नका, आणि भावाचं पण ऐकू नका. आता का ते सांगतो.

होल्ड म्हणजे खर्च नाही हे भाऊ बरोबर सांगतोय. पण होल्ड म्हणजे तुमचा कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा समजा, माल तुमचाच, पावती तुमच्याच नावावर, पण आज दुकानदाराला द्यायला तो खिशात नाही. शेअरच्या आयपीओला अर्ज केल्यावर खात्यातले पैसे ब्लॉक होतात ना, तसंच. डेबिट कार्डवर होल्ड लागला की तुमच्या स्वतःच्या खात्यातली रक्कम अडकते, क्रेडिट कार्डवर लागला तर बँकेनं दिलेलं लिमिट तेवढं कमी दिसतं, खात्याला धक्का नाही, बिलात येत नाही, व्याज पण नाही. सगळा फरक इथंच आहे.

आता तारखा बघा, कारण माझ्या मते घोळ दुबईत होणार नाही, तासगावात परत आल्यावर होणार. हॉटेलचा होल्ड चेक-आउटला सोडतात पण बँकेत मोकळा दिसायला काही दिवस जातात, आणि गाडीवाले तर मुद्दाम लांबवतात कारण टोल आणि ट्रॅफिकचे दंड मागनं येतात, तिथं दोन ते चार आठवडे सहज धरा. हिशोबाला दिरहॅम २४ रुपये धरू, म्हणजे डेबिट दिलं तर २४ हजार अधिक ३६ हजार, ६० हजार अडकले. खात्यातले राहिले ५० हजार, त्यातच तिकडचं जेवणखाण, खरेदी आणि मेव्हण्याला खजूर. मग तुम्ही येणार ३१ मे ला, ५ जूनला हप्ता, १५ जूनच्या आसपास शाळा सुरू, पोरांची वह्या-पुस्तकं, फी. पगार एक तारखेलाच होतो असं कुठल्या शिक्षकानं छातीठोक सांगितलंय मला अजून?

हे मी स्वतः भोगलंय म्हणून सांगतोय. काही वर्षांपूर्वी गोव्याला एका हॉटेलात डेबिट कार्ड दिलं, त्यांनी १० हजार होल्ड केले, मेसेज आला तो नेहमीच्या खरेदीसारखाच, मी वाचला पण नाही नीट. चेक-आउटला बिल दुसऱ्या कार्डनं भरलं, आणि आधीचा होल्ड सोडायला ना त्यांनी लक्षात ठेवलं ना मी. ऐन ५ तारखेला हप्ता बाउन्स, ५०० दंड आणि त्यावर जीएसटी, ५९० रुपये. ९ दिवस फोन करून करून पैसे मोकळे झाले. बायको आजही म्हणते, लोकांना सल्ले देतोस आणि स्वतः १० हजार हॉटेलात विसरून येतोस.

आता एफडीचं. समजा ७.२५ टक्क्यांनी ठेवलीये आणि ८ महिने झालेत. पूर्ण दरानं आत्तापर्यंतचं व्याज १४,५०० झालं असतं. मोडली की बँक ८ महिन्यांना जो दर होता तो धरते आणि त्यातनं वर दंड कापते, समजा ६ मधनं १ गेला की ५ टक्के, म्हणजे १० हजार. साडेचार हजार रुपये गेले, ते पण जे पैसे खर्चच होणार नाहीत ते खात्यात नुसते दिसावेत म्हणून. त्यापेक्षा त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढी उचल, घेतला तर एफडीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त लागतो, ६० हजार महिनाभर वापरले तरी चारशे रुपयांच्या आसपास व्याज होतं. पण तुम्हाला ते पण करायची गरज नाही असं मला वाटतंय.

मी काय करीन सांगतो. मिस्टरांनी त्याच बँकेत जाऊन एफडीवरचं क्रेडिट कार्ड मागायचं. एफडी चालूच राहते, व्याज चालू राहतं, बँक तिच्यावर फक्त बोजा चढवते आणि रकमेच्या साधारण ७५ ते ९० टक्के लिमिट देते, काही बँका त्यासाठी नवीन एफडी करायला लावतात तेवढं आधी विचारा. गाडीचे ३६ हजार त्या कार्डवर, हॉटेलचे २४ हजार तुमच्या कार्डवर, तुमच्याकडं तरी खरेदीला २६ हजार लिमिट राहतंय आणि घरचं खातं शाबूत. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचं घ्या, त्यावर मिस्टरांचं नाव छापलेलं असू द्या, आणि इंटरनॅशनल वापर ॲपमधनं चालू करा, रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळं नवीन कार्डावर तो बंदच येतो. अर्ज आजच टाका, कार्ड पोस्टानं यायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि निघायच्या आदल्या दिवशी पोस्टमनची वाट बघण्यात मजा नाही.

फॉरेक्स कार्डाचं कुणी सुचवेल, खरेदीला चांगलं आहे पण होल्डला देऊ नका. त्यात तुम्हीच भरलेले दिरहॅम अडकतात, आणि गाडीवाले बऱ्याचदा प्रीपेड कार्ड घेतच नाहीत.

काउंटरवर एक गोष्ट मात्र तोंडानं विचारून घ्या, भाषेची लाज बाळगू नका. हा होल्ड आहे का सेल, म्हणजे पैसे खरंच कापताय का? काही जण डिपॉझिट म्हणून सरळ सेल मारतात आणि नंतर रिफंड देतात, ऐकायला सारखंच वाटतं पण सेल झाला की बँकेचा परदेशी चलनाचा चार्ज लागतो, बऱ्याच कार्डांना साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, ३६ हजारावर १,४८७ रुपये झाले, जे रिफंडसोबत सहसा परत येत नाहीत, वर कापल्या दिवशीचा आणि परत आल्या दिवशीचा दिरहॅमचा दर वेगळा. होल्ड असेल तर रक्कम, तारीख आणि ऑथ कोड (होल्डच्या मंजुरीचा नंबर) असलेली स्लिप मागा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. निघताना हॉटेलचं बिल त्याच कार्डवर वळतं करायला सांगा, आणि दुसऱ्या कार्डनं किंवा रोख भरलं तर आधीचा होल्ड त्यांच्यासमोर रिलीज करून घ्या. मशीनवर रुपयात का दिरहॅममध्ये असं विचारलं तर दिरहॅमच निवडा. महिन्याभरात सुटला नाही तर त्यांच्याकडनं रिलीजची ईमेल मागवून बँकेला द्यायची, त्यात रक्कम, ऑथ कोड आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे पाहिजेत.

आता खरं बोलू का, गाडी घेऊच नका. मे अखेर तिथं चाळिशीच्या वर ऊन असतंय, सगळा ट्रॅफिक उजव्या बाजूनं, स्टेअरिंग डाव्या हाताला, मिस्टर विटा-तासगाव रोडला कितीही पट्टीचे असले तरी पहिले दोन दिवस भांडणात जातील. इंटरनॅशनल परमिटसाठी सांगलीच्या आरटीओत १,००० रुपये आणि एक चक्कर वेगळी. मेट्रो आहे, चौघं एका टॅक्सीत बसतात. गाडी रद्द केली तर ३६ हजारांचा प्रश्नच संपला, मग तुमचं आहे ते ५० हजारांचं कार्ड पुरतंय आणि एफडीला हात सुद्धा लावायला नको.

पण मिस्टरांना वाळवंटात गाडी चालवायचीच हौस असेल तर मी मध्ये पडत नाही. तसं असेल तर एफडी कुठल्या बँकेत आहे तेवढं कळवा, पतसंस्थेत असेल तर हे कार्ड मिळणार नाही, मग दुसरं काहीतरी बघावं लागेल.