मुलगी बांधकाम व्यवसायात यायला नाही म्हणते

प्रश्न : सांगलीत माझा भागीदारीत छोटा बांधकाम व्यवसाय आहे. मुलगी सिव्हिल इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती आमच्याच कामात येईल असं मी धरून चाललो होतो. ती म्हणते, बिल्डर लोकांनीच नदी अडवली, मला त्यात यायचं नाही. तिला परदेशात क्लीन एनर्जी किंवा ‘अर्बन रेझिलियन्स’मध्ये (म्हणजे शहराला पूर, उष्णता सोसता यावी यासाठीचं काम) मास्टर्स करायचं आहे. खर्च चाळीस लाखांच्या पुढे सांगतात. सोलर म्हणजे इलेक्ट्रिशियनचं काम, आणि त्या रेझिलियन्सच्या नोकरीची जाहिरात मी आजवर पेपरात पाहिलेली नाही. तिची समजूत घालावी की कर्ज काढावं? जाता जाता, पुतण्या आयटीआय वायरमन झालाय. त्याच्यासाठीही काही सुचवा.
– एक वडील, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

कर्ज आत्ता काढू नका, आणि समजूत घालायच्या भानगडीतही पडू नका. पत्र वाचून असं दिसतं की बापलेक ज्यावरून भांडताय ते सगळं एकाच प्लॉटवर घडतं. तिला वाटतं ते तीन वेगळे रस्ते आहेत. तुम्हाला वाटतं त्यातला एकच खरा आहे.

जाहिरातीचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पुणे, सुरत, चेन्नई ही शहरं रॉकफेलर फाउंडेशनच्या ‘१०० रेझिलियंट सिटीज’ कार्यक्रमात होती. त्यात शहरासाठी ‘चीफ रेझिलियन्स ऑफिसर’ असं पद असायचं. २०१९ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळला गेला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला आणि वीसहून अधिक माणसं गेली. पदनाम अनुदानाबरोबर येतं आणि जातं. ओढ्याची वहनक्षमता मोजणारा, नाल्याचा छेद ठरवणारा, पाणी कुठपर्यंत चढेल त्याचा नकाशा करणारा माणूस मात्र आधीही लागत होता, आताही लागतो. मुंबईचं बघा. जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. मग पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठीच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाची कामं मार्गी लागली, क्षमता ताशी ५० मिलिमीटर धरली गेली, हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी पाणी उपसणारी उदंचन केंद्रं उभी राहिली. हे सगळं सिव्हिलवाल्यांचंच काम, मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलवाले जोडीला. त्यातल्या कुणाच्या कार्डावर ‘रेझिलियन्स’ छापलेलं नसतं.

म्हणून मुलीला पहिली गोष्ट सांगायची ती ही, की हातात आधी एक कसब हवं: पाण्याचं, विजेचं, नाहीतर इमारतीच्या उष्णतेचं. ते नसेल तर परदेशातल्या पदवीनंतर ती अहवाल लिहिणाऱ्या गर्दीत जाऊन बसेल. ती गर्दी आधीच दाट आहे.

आता एकाच प्लॉटची गोष्ट. पूररेषांबद्दल सांगलीच्या बांधकामवाल्याला मी नव्याने काय सांगणार? तरी हिशेबासाठी मांडतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत बांधकाम नाही. निळ्या-लालच्या मध्ये परवानगी मिळते, पण राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर वर हवं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. नकाशात जोतं बरोबर दाखवलं की परवानगीचं काम संपतं. इमारतीचं मात्र तिथे संपत नाही. मीटर पॅनेल कुठे आहे? पाण्याची मोटर? लिफ्टचा खड्डा? बहुतेक ठिकाणी हे सगळं खाली, पार्किंगच्या पातळीला. घरात पाण्याचा थेंब न शिरताही इमारत आठवडाभर राहण्याजोगी नसते ती यामुळे.

आणि आता तुमचं ते इलेक्ट्रिशियनचं काम. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, लक्ष्य एक कोटी घरांचं. ३ किलोवॅट आणि त्यावरच्या संचाला घरमालकाला ७८,००० रुपये अनुदान, सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८,०००. त्यामुळे गच्च्यांवर पॅनेलं झपाट्याने चढतायत. पण घेणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असतं की महावितरणची लाइन गेली की साधा ऑन-ग्रिड, म्हणजे त्या लाइनला जोडलेला बॅटरीविना संच भर उन्हातही बंद पडतो? तो बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून करंट लागेल. पुरात तर महावितरण स्वतःच फीडर, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणारी लाइन, बंद करतं. म्हणजे ज्या दिवशी विजेची सगळ्यांत जास्त गरज, त्या दिवशी गच्चीवर लाखोंचे पॅनेल असूनही सातव्या मजल्यावरच्या आजी जिन्याने उतरणार, आणि त्यांना पाणीही वर चढणार नाही.

यावर उपाय आहे. लाइन गेल्यावरही बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यायची, लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे यांचा भार वेगळ्या पॅनेलवर काढायचा. पण मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे बॅटरी आणि इन्व्हर्टर केवढे हवेत हा हिशेब कुणीतरी नीट करायला लागतो. तो नकाशाच्या टप्प्यावरच करावा लागतो, कारण नंतर भिंती फोडून वायरी ओढायला सोसायटी तयार होत नाही. गच्चीचंही तसंच. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावलीविना जागा लागते, आणि आपण तिथे दक्षिणेलाच पाण्याची टाकी उभी करून ठेवलेली असते. सांगाड्यावर वाऱ्याचा भार किती धरायचा, तर आयएस ८७५ या भारतीय मानकाचा तिसरा भाग उघडायचा. स्लॅबला भोकं पाडून अँकर मारायचे की वरून काँक्रीटचं वजन ठेवायचं, वॉटरप्रूफिंगचं काय करायचं? हे प्रश्न सिव्हिलच्या मुलीचे आहेत. मोठ्या सौर प्रकल्पांतही पाइलिंग, रस्ते, पाण्याचा निचरा सिव्हिलवालेच करतात. देशाची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटच्या पुढे गेली. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेचं उद्दिष्ट आहे. तेव्हा काम कमी पडणार नाही.

तिसरी बाजू उष्णतेची, ती थोडक्यात. निवासी इमारतींत ऊर्जा वाचावी म्हणून ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली. भिंती आणि खिडक्यांतून घरात किती उष्णता शिरावी यावर तिने १५ वॅट प्रति चौरस मीटरची मर्यादा घातली. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत आणायची वाट मोकळी केली. आज तुमच्याकडे हा हिशेब कुणी मागत नसेल, पुढे मागतील. एनर्जीप्लस हे त्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे.

‘बिल्डर लोकांनीच नदी अडवली’ या मुलीच्या वाक्याला तुम्ही चिडून उत्तर देऊ नका, कारण ते निम्मं खरं आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही पूरपट्ट्यातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलंय. बंगळुरूत सप्टेंबर २०२२ मध्ये कोट्यवधींचे बंगले पाण्यात गेले, मालक ट्रॅक्टरवरून बाहेर पडले. पाणी वाहायच्या वाटांवर वसाहती उठल्या होत्या. पण तिला दुसरं निम्मंही सांगा. सातबारा बघताना, लेआउट आखताना, भराव किती टाकायचा हे ठरवताना तिथे जो बसलेला असतो त्याच्याच हातात ओढ्याचं भवितव्य असतं. नियोजनकार, पर्यावरणवाले, पत्रकार बऱ्याचदा त्यानंतर येतात. त्या वेळी तिच्यासारखं कुणी तिथे असेल तर फरक पडतो. रिअल इस्टेट टाळून शहर वाचवता येईल असं मला तरी वाटत नाही. तुम्हालाही एक सांगतो. माहितीपत्रकावर हिरवं पान छापून आणि गेटजवळ दोन फायकस लावून प्रकल्प हरित होत नाही. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर मंजूर नकाशे आता कुणीही उघडून बघतं, ग्राहक बघायला शिकलाय.

मग तिने करायचं काय?

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अजून ठरला नसेल तर तो शहरातलाच घ्यावा. शामरावनगरसारख्या सखल भागातल्या पावसाच्या पाण्याचा निचरा, किंवा तुमच्याच एखाद्या जुन्या इमारतीची पूरतपासणी: कुठल्या फुटाला मीटर बुडतं, कुठल्या फुटाला मोटर, आणि ते वर न्यायला किती खर्च येईल. नकाशांसाठी क्यूजीआयएस, नदीच्या पुरासाठी हेक-रास, शहरातल्या निचऱ्यासाठी एसडब्ल्यूएमएम ही तिन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. मुलाखतीत हा एक प्रोजेक्ट दहा ऑनलाइन प्रमाणपत्रांना भारी पडतो. आयजीबीसी, गृहा, लीड या हरित इमारतींच्या मानांकनांच्या परीक्षा हौसेने द्याव्यात. त्यांच्या जोरावर नोकरी लागेल अशी आशा मात्र ठेवू नये. ऊर्जा दक्षता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा अधिक वजनाची आहे. चार पेपर असतात, पण पदवीनंतर तीन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे ती पुढची गोष्ट.

त्यानंतर दोन वर्षं नोकरी. तुमच्याकडे नको. मालकाच्या मुलीला साइटवर कुणी चूक दाखवत नाही. पुण्या-मुंबईत पर्जन्यजल किंवा पायाभूत सुविधांचे सल्लागार आहेत, इमारतींच्या वीज-पाणी-वातानुकूलनाचं डिझाइन करणारी एमईपी कार्यालयं आहेत, सौर प्रकल्प उभारणाऱ्या कंपन्या आहेत. माझी निवड विचाराल तर एमईपी. तिथे बिल्डर, वास्तुविशारद, महावितरण आणि अग्निशमन यांचे वाद रोज समोर घडतात, आणि सिव्हिलच्या मुलांना विजेची भीती असते ती जाते. पगार सुरुवातीला बेताचाच असेल, हे तिला आधीच माहीत असू द्या.

ही दोन वर्षं वाया जाणार नाहीत याचं व्यवहारी कारणही आहे. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती आणि जर्मनीच्या डाड (DAAD) या संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांसाठीची शिष्यवृत्ती, दोन्ही निदान दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. पाण्याच्या अभ्यासासाठी नेदरलँड्समधली आयएचई डेल्फ्ट ही संस्था नावाजलेली आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाममात्र असतं, राहण्या-जेवणाचा खर्च तेवढा येतो. आज चाळीस लाख काढून जाणारी मुलगी आणि दोन वर्षांनी निम्म्याहून कमी खर्चात जाणारी मुलगी, यांत दुसरीला नेमकं काय शिकायचंय ते ठाऊक असेल. कर्जाचा हप्ता डोक्यावर असला की परत आल्यावर मिळेल ती नोकरी धरावी लागते, मग शहर आणि नदी राहतात बाजूला.

देशातल्या देशात शिकायचं तर गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा द्यावी. गेटवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. नगर नियोजनासाठी पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, आणि इमारतींच्या ऊर्जेसाठी अहमदाबादचं सेप्ट बघावं. आयआयटी मुंबईत ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आहे. आपत्ती व्यवस्थापनाची सामाजिक बाजू आवडत असेल तर मुंबईची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस). शिवाय एमपीएससीतून नगर रचनाकार होता येतं, आणि त्या सेवेत सिव्हिलचे पदवीधर चालतात. मुलं याकडे फारशी बघत नाहीत, क्लासवालेही राज्यसेवेच्याच मागे. पण विकास आराखड्यावर सही करणाऱ्यांत बसायचं असेल तर तो सरळ दरवाजा आहे. गेटची नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात होते. तोवर तिने नियोजन की ऊर्जा की पाणी, एवढं ठरवावं. तिन्ही नकोत.

ती तुमच्या व्यवसायात येईल का? चार-पाच वर्षांनी कदाचित येईल, तिच्या अटींवर. त्यातली पहिली अट मीटर पॅनेल उंचावर घेण्याची असेल आणि भागीदार खर्चाचं कारण देऊन कुरकुरतील. तेव्हा तुम्ही कुणाच्या बाजूने बोलाल, याचा विचार आत्तापासून केलेला बरा.

पुतण्याचं काम सर्वांत सोपं आहे. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचं ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण आयटीआयवाल्यांसाठीच आहे, सहाशे तासांचं. जवळचं केंद्र शोधून त्याला घाला. वायरमन परवाना हातात नसेल तर तो आधी काढावा, पुढे सुपरवायझरचा, मग स्वतःची ठेकेदारी. नवे संच बसवणारे गावोगाव आहेत. बसवलेले सांभाळणारे, धुणारे, बिघाड काढून देणारे कमी आहेत, त्यामुळे देखभालीचे वार्षिक करार धरले तर त्याला बारमाही काम राहील. मात्र पॅनेलांचं डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं) वायरिंग घरातल्या वायरिंगसारखं समजून हात घालू नको असं त्याला बजावून सांगा. ऊन असेपर्यंत पॅनेलकडून येणारी बाजू मेन स्विच पाडून मरत नाही, आणि ओळीत जोडलेल्या पॅनेलांचा दाब काहीशे व्होल्ट असतो.