पिल्लू नको, मोठा कुत्रा घे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

कुत्रा कोणता, गोल्डन रिट्रीव्हर घेऊ की हस्की, एवढंच विचारलंस. मला मात्र तुझ्या घरातला दिवस कसा जातो ते हवं होतं, आणि ते तू शेवटी ओझरतं लिहिलंस. ठाण्यातला कोलशेत रोड, चौदावा मजला, आठवड्यातले तीन दिवस ऐरोलीचं ऑफिस, घरी आई आणि गुडघे दुखणारे बाबा. निर्णय यावरूनच करायचा.

हस्कीचा विषय आत्ताच संपव. सायबेरियाच्या बर्फात घसरगाड्या ओढणारं ते जनावर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; मुख्यतः धापा टाकून, जिभेवरची आणि तोंडातली ओल वाळवून तो गार होतो. ठाण्याच्या मे महिन्यात हवाच एवढी दमट की ती ओल वाळता वाळत नाही. एसी लावू म्हणशील. पण त्याला रोज भरपूर पळायलाही लागतं, ते काय हॉलमध्ये पळणार? पगही नको. त्याच्या चपट्या नाकातून श्वासच पुरेसा जात नाही, मग उकाड्यात हाल होतात.

कुठलीही जात डोळ्यांसमोर आली की आधी एवढं बघ, माणसाने हिला कोणत्या कामासाठी घडवलं? ते काम घरात मिळालं नाही तरी त्याची खोड सुटत नाही. बीगल हा सशाचा माग काढत, आवाज देत टोळीने धावणारा कुत्रा. दुपारभर एकटा राहिला की तो गळा काढणार आणि रात्री तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुझं नाव येणार. लातूरकडचा कारवान मला फार देखणा वाटतो, पण वाऱ्यासारखा पळणारा तो शिकारी चौदाव्या मजल्यावर कोंडायचा नाही.

लॅब म्हणजे लॅब्रॅडॉर, आणि गोल्डन स्वभावाने खरंच चांगले. पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याला सगळे तेच सुचवतात, आणि अंगण असलेल्या घराला मीही सुचवते. पण पूर्ण वाढलेला लॅब 25 ते 36 किलोचा असतो. तू ऐरोलीला असताना त्याला खाली कोण नेणार? बाबा. लिफ्टचं दार उघडलं, समोर दुसरा कुत्रा दिसला आणि तीस किलोने हिसका दिला, की बाबांचे गुडघे तो कसा सोसणार? शिवाय केस वर्षभर गळतात आणि खायची हाव इतकी की वजन पटकन वाढतं. त्याच्या कमरेच्या सांध्यांचं दुखणं पुष्कळदा आनुवंशिक असतं, वाढलेलं वजन त्यात भर घालतं.

म्हणून माझं मत असं, की दीड-दोन वर्षांचा गावठी कुत्रा दत्तक घे. वजन साधारण 15 ते 20 किलो, आखूड केस, आणि ही हवा पिढ्यानपिढ्या अंगवळणी पडलेली. पण माझा भर गावठीपेक्षाही वयावर आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू होते. तुझ्या ऑफिसच्या दिवशी फडकं आईच्या हातात येईल. पिल्लू पुढे कसं निघेल हे कुणीच सांगू शकत नाही. मोठा कुत्रा जसा आहे तसा समोर दिसतो. ज्यांनी त्याला तात्पुरतं सांभाळलंय त्यांना खोदून विचार: बेल वाजली की काय करतो, एकटा राहतो का, लिफ्टला घाबरतो का, ताटाजवळ हात नेला तर गुरगुरतो का. मोठा कुत्रा लळा लावत नाही म्हणतात, ते खोटं. सुरुवातीला सोफ्याखाली दडून बसेल. बसू दे, ओढून काढू नकोस.

तरीही पिल्लूच हवं असेल तर कुत्र्यांच्या पैदाशीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांआधी ते विकता येत नाही आणि ब्रीडरची, म्हणजे पैदास करणाऱ्याची, नोंदणी लागते. पिल्लाची आई दाखवायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून घेऊ नकोस.

पावसाळ्याचं आधीच ठरव. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, तेव्हा त्याची लस रेबीजच्या लशीइतकीच चुकवायची नाही. फिरून आलं की पंजे कोरडे करायचे आणि कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघायचे. पालिकेचा परवाना काढ. येऊरच्या जंगलाकडे फिरायला नेलंस तर पट्टा सोडू नकोस, तिथे बिबट्यांचा वावर आहे.

सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना तसं स्पष्ट सांगतात. पण फ्लॅट भाड्याचा असेल तर मालकाची परवानगी लेखी घे.

आणि कुत्रा बघायला एकटी जाऊ नकोस, आईला घेऊन जा. दुपारचं खाणं तीच घालणार आहे. तिला जो आवडेल तोच आण, तुझ्या मनात दुसरा असला तरी.

तुझी,
नौपाड्याची मावशी