सुट्टीचं वेळापत्रक एकटीच्याच नावावर का?

प्रश्न : लेकीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली. सुट्टी वाया जाऊ नये म्हणून आम्ही ध्येयं ठरवली आहेत : सकाळी ‘नीट’ची (मेडिकल प्रवेश परीक्षेची) फाउंडेशन बॅच, दुपारी टायपिंग, संध्याकाळी स्पोकन इंग्लिश, रविवारी पोहणं. घराचं ध्येय एकच, तिला डॉक्टर करायचं. ती मात्र आमच्या स्टेशनरीच्या दुकानात जाऊन बसते, मालाच्या याद्या करत राहते. आम्ही ओबीसी आहोत. आणखी काय करायला हवं?
– एक आई, कराड

ताई, नमस्कार.

आणखी काही नको, आहे त्यातलंच कमी करा. ‘घराचं ध्येय’ म्हणून जे लिहिलंय तेही लेकीच्याच डोक्यावर आहे. घराचं ध्येय म्हणजे ज्यात तुम्हाला आणि तिच्या बाबांनाही हात घालावा लागेल असं काहीतरी.

तसं एक काम समोरच आहे. अकरावी सायन्सला गेली आणि पुढे राखीव जागेतून प्रवेश हवा असेल तर जात पडताळणीचा, म्हणजे जातीचा दाखला समितीकडून तपासून घेण्याचा, अर्ज करावा लागेल. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, म्हणजे बहुतेक घरांत आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल). तो गावच्या जिल्हा परिषद शाळेत असतो आणि मे उजाडला की शाळेला कुलूप. त्यामुळे एप्रिलमध्येच सगळे मिळून गावी जाऊन या. आजोबांचं नाव, जन्मतारीख, जातीची नोंद नीट तपासा. आडनावाच्या एका वेलांटीवरून पुढे किती फेऱ्या पडतात ते ज्यांनी मारल्यात त्यांना विचारा. नॉन-क्रीमीलेअरसाठी, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्यासाठी, तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद लागतात, तेही आताच गोळा करा. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालाय. निकालानंतर दाखले काढायच्या सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.

दुसरं काम कागदाचं नाही, पण त्याहून अवघड. पुढच्या दोन वर्षांत क्लासवर किती खर्च झेपेल, हा आकडा तिघांनी बसून ठरवा. लेकीसमोर. सोळा वर्षांच्या मुलीला घरचा आकडा कळला म्हणून ती खचत नाही. उलट लाखाच्या घरातली फी भरल्यावर वर्षभर ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ हे ऐकून खचते. क्लासमध्ये पूर्ण फी आधी मागितली तर केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा : मधेच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असं त्यात आहे. पावतीवर तसं लिहून द्यायला तयार नसतील तर दुसरा क्लास बघा.

आता तिचं. दुकानात बसते ही तक्रार म्हणून लिहिलीत, मला तर पत्रातली सर्वांत कामाची ओळ तीच वाटली. मे महिना म्हणजे तुमचा सीझन. शाळा उघडायच्या आत वह्या, कंपास, कव्हरं भरायची असतात. गेल्या वर्षी काय उरलं, काय कमी पडलं, यंदा किती मागवायचं, हे एका विभागापुरतं तिच्यावर सोपवा. बाबांनी मधे बोलायचं नाही (हे त्यांना जड जाईल). यातून ती डॉक्टर होणार नाही असं मुळीच नाही. मात्र तिला कशात रस आहे हे फाउंडेशन बॅचपेक्षा इथे लवकर कळेल. सायन्सच घ्यायचं ठरलं तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा, म्हणजे ‘नीट’ आणि इंजिनिअरिंगची सीईटी दोन्ही वाटा खुल्या राहतात.

टायपिंग यादीतून काढा. सरकारी परीक्षेचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, सुट्टीत अर्धाच होईल. बारावीनंतर करता येईल. स्पोकन इंग्लिशचं तिलाच विचारा. पोहणं मात्र ठेवा, धाकटं भावंड असेल तर त्यालाही सोबत पाठवा. फक्त नदीवर नको, शिकवणारा माणूस हजर असेल तिथेच.