बोटीच्या पुढच्या केबिनला खिडकी पाडण्याआधी

बोटीची पुढची केबिन अंधारी आहे, म्हणून तिला खिडकी पाडून उजेड हवा, हे अगदी पटतं. पण करवत हातात घेण्याआधी आतलं अस्तर उतरवून बघा: मागे वायर किंवा आधाराची पट्टी नाही ना? पुढच्या भागाला लाटांचा मार जास्त, म्हणून खिडकी लहानच बरी. कोपरे गोल ठेवा; काटकोनातून तडे जातात.

नवखे फसतात ते इथे:

- केबिनच्या भिंतीत फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा (हलकं, मऊ लाकूड) असेल, तर कापलेली कड उघडी सोडतात. पाणी मुरतं, लाकूड कुजतं. कडेचा बाल्सा पेरभर कोरून काढा आणि खाच दाट कालवलेल्या इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या रेझिनने) भरा. माझ्या पहिल्या खिडकीला मी हा कंटाळा केला. दोन वर्षांत भिंत बोटाने दबायला लागली!
- खिडकीचं ॲक्रिलिक (काचेऐवजी बसवतात ते पारदर्शक प्लास्टिक) उन्हात प्रसरण पावतं. स्क्रूची भोकं थोडी मोठी पाडा, स्क्रू करकचून आवळू नका. आवळलात तर सगळा सीलंट (फट बुजवणारा लेप) पिळून बाहेर येतो आणि गळती सुरू.
- ॲक्रिलिक ॲसिटोनने पुसू नका, बारीक चिरा पडतात.

आधी पुठ्ठ्याचा तुकडा त्या आकारात कापून बाहेरून चिकटवा, चार दिवस बघा. मग एकच खिडकी करा. बाहेरून पाण्याची नळी मारूनही ती आतून कोरडी राहिली, की दुसरी.