थ्रिलर ओपनिंगमध्ये जॉनरचे नियम पाळायचेही आणि मोडायचेही, हे नक्की कसं करायचं?

तुम्ही विचारलंय की मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला ग्रुपने दोन मिनिटांची थ्रिलर ओपनिंग (म्हणजे थ्रिलर सिनेमाची सुरुवात) करायची आहे, वर लेखी द्यायचंय की जॉनरच्या, म्हणजे त्या चित्रपट-प्रकाराच्या, कन्व्हेन्शन्स (ठरून गेलेल्या पद्धती) कुठे वापरल्या आणि कुठे चॅलेंज केल्या. आणि तुमची आयडिया अशी की मुलगी रात्री क्लासवरून घरी येते, मागे हुडीवाला, अंधारा जिना, चाकू, ब्लॅकआउट, आणि चॅलेंज काय तर खुनी ती मुलगीच निघते.

मी एडिटिंग करतो आणि कॉलेजच्या फिल्म फेस्टिवलांना परीक्षक म्हणून अधनंमधनं बोलावतात, त्यामुळे राग मानू नका पण ही फिल्म मी बघितलेली आहे, तुमची नाही पण हीच, आणि दरवर्षी बघतो. यात तुमचा दोष नाही, असाइनमेंटच तशी आहे. ब्रिटनमध्ये ओसीआर या परीक्षा बोर्डाच्या मीडिया स्टडीजच्या जुन्या कोर्सवर्कमध्ये अगदी हेच होतं, नवीन फिल्मची टायटल्स आणि ओपनिंग, जास्तीत जास्त दोन मिनिटं, आणि नंतर लेखी प्रश्न की तुम्ही कन्व्हेन्शन्स वापरल्या, वाढवल्या की चॅलेंज केल्या. यूट्यूबवर 'थ्रिलर ओपनिंग' टाकून बघा, तिकडच्या पोरांच्या ढिगाने मिळतील आणि बहुतेकांत जंगलातनं पळणारी मुलगी नाहीतर हुडीवाला आहेच. दहा सलग बघा, म्हणजे काय करायचं नाही ते फुकटात कळेल.

'खुनी तीच निघते' हे आता चॅलेंज राहिलेलं नाही, प्रेक्षक तीच वाट बघत बसलेला असतो. आणि दोन मिनिटांच्या शेवटी ट्विस्ट टाकला की ती ओपनिंग राहत नाही, छोटी संपलेली गोष्ट होते. ओपनिंगचं काम बघणाऱ्याला तिसऱ्या मिनिटासाठी खुर्चीत बसवून ठेवायचं. हे सर-मॅडम फार सांगत नाहीत पण मार्क इथेच जातात.

आता मुद्द्याचं. हुडी, चाकू, मास्क, टॉर्च, टपटपणारा नळ हे सगळं थ्रिलरचं सामान झालं. सामान बदललं म्हणजे नियम मोडला असं होत नाही, हुडीच्या जागी रेनकोट घातला म्हणून काय झालं. खरा नियम माहितीचा असतो, म्हणजे कुणाला काय माहितीय, प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहितीय की कमी. त्याला जोडून अजून दोन-तीन: कुणीतरी एकटं पडलेलं आहे, वेळ निघून चाललाय, रोजच्यातली एक गोष्ट आज जागेवर नाहीये. एवढं असलं की रात्र नसली, चाकू नसला तरी पोटात गोळा येतो.

फ्रिट्झ लांगची १९३१ ची 'एम' बघा, सुरुवात तरी बघाच. लहान मुलं खेळताना खुन्याचं गाणं म्हणतायत, वरच्या मजल्यावरची एक आई शाळेतनं येणाऱ्या मुलीसाठी ताट मांडतेय, घड्याळ वाजतं. तिकडे मुलगी चेंडू आपटत येते, चेंडू ज्या खांबावर आपटतो त्यावर खुन्याला पकडून देण्याच्या बक्षिसाचं पोस्टर आणि त्या पोस्टरवर एका माणसाची सावली पडते. माणूस शिट्टी वाजवत तिला फुगा घेऊन देतो. पुढे खून दाखवतच नाहीत. आई हाका मारतेय, रिकामा जिना, रिकामा माळा, रिकामं ताट, मग झुडपातनं गडगडत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. पार्श्वसंगीत नाही, फक्त ती शिट्टी. सावली, एकटं मूल, घड्याळ या सगळ्या कन्व्हेन्शन्स ठणठणीत आहेत, मोडलीय फक्त एक, की ज्याची वाट बघत होतो तो क्षणच दिला नाही. आणि त्यामुळेच ते जास्त लागतं. एकच मोडायची आणि बाकीच्या इतक्या पक्क्या ठेवायच्या की मोडलेली जाणवली पाहिजे. सगळंच मोडलं तर प्रेक्षकाला वाटतं पोरांना थ्रिलर जमलाच नाही.

आपल्याकडचं हवं असेल तर श्रीराम राघवनचा २०१५ चा 'बदलापूर' घ्या. सुरुवातीला कॅमेरा हलतच नाही, रस्त्यावरची रोजची वर्दळ, टायटल्स चाललीयत, आपण फ्रेममध्ये शोधत बसतो की बघायचं काय, आणि मग बँक लुटून पळणारे त्याच फ्रेममध्ये येतात. थ्रिलर म्हटलं की फटाफट कट, हा नियम तिथे गेला पण टेन्शन गेलं नाही.

रात्रीचं वेड सोडा असं मी म्हणतो त्याला एक अगदी साधं कारणही आहे, तुम्ही मोबाईलवर नाहीतर मित्राच्या कॅमेऱ्यावर शूट करणार, लाइट नाहीत, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची क्षमता) वाढवणार आणि चित्रात असे दाणे येणार की एडिटवर बसलेला माणूस रडेल. हिचकॉकने 'सायको' चक्क भर दुपारी सुरू केलाय, पडद्यावर शहर, तारीख, वार आणि दुपारचे २:४३ अशी वेळ लिहून येते आणि कॅमेरा अर्धवट बंद पडद्यातनं हॉटेलच्या खोलीत शिरतो. दुपारसारखी भीतीची वेळ नाही हो, विशेषतः आपल्या सोसायट्यांमध्ये, सगळे झोपलेले, जिन्यात चिटपाखरू नाही.

तर तुमचीच गोष्ट घेऊन सांगतो. मुलगी क्लासवरून येते, पण दुपारी. गेटवर व्हिजिटरचं रजिस्टर आहे, तेच ते आखलेलं, दोरीला बांधलेलं पेन. आपण आधी फक्त एक हात लिहिताना बघितलाय: नाव नीट वाचता येत नाही, फ्लॅट ४०३, कुणाकडे, इन टाइम २:१०, आउट टाइम रिकामा. मग ती येते. कुरियर आलंय म्हणून वॉचमन तिला सहीसाठी बोलावतो, सही करताना तिची नजर दोन ओळी वर जाते. ४०३ तिचाच. घरी आज कुणी नाहीये, हे तिच्या आधीच्या फोनवरनं आपल्याला कळलेलं आहे. वॉचमन सहज म्हणतो, "ताई, तुमचे मामा वर गेलेत की, चावी होती त्यांच्याकडे."

इथे प्रत्येक बघणारा मनातल्या मनात ओरडणार की वर जाऊ नकोस, आणि त्याला खात्री असते की ती जाणार, कारण या जॉनरमध्ये सगळे जातात. तुमची मोडायची जागा ही. ती जात नाही. ती वॉचमनच्या टेबलावरच्या इंटरकॉमवरनं स्वतःच्या घराचा नंबर लावते. रिंग वाजत राहते, वाजत राहते, उचलला जातो. पलीकडे कुणी बोलत नाही. फॅनचा आवाज आणि मग कुकरची शिट्टी. कट, टायटल.

पाठलाग नाही, चाकू नाही, अंधार नाही, तरी एकटी मुलगी, वेळ (ते २:१०), आणि घरात नको असलेला माणूस हे जुनं सगळं शाबूत आहे. लोकेशन एक, पात्रं दोन आणि एक हात. शॉटलिस्ट (कुठले शॉट घ्यायचे त्याची यादी) म्हणून लिहून घ्या हवं तर, नाहीतर यापेक्षा बरं काढा, पण रजिस्टरचा क्लोजअप घाईत घेऊ नका, वाचायला लागतो त्यापेक्षा दीड पट वेळ ठेवा, बघणाऱ्याला अक्षर लावायला वेळ लागतो.

आवाज वेगळा रेकॉर्ड करा, प्लीज. इंटरकॉमचा आवाज पोस्टमध्ये, म्हणजे शूटनंतर एडिट करताना, बनवावा लागेल, वरचे आणि खालचे दोन्ही सूर कापले की फोनसारखा लागतो. आणि गेटवरचा नुसता शांत आवाज मिनिटभर पकडून ठेवा, कट जोडताना त्याशिवाय भोकं पडतात. भयाण व्हायोलिनचं फुकट म्युझिक लावायचा मोह होईल, तो आवरा, कुकरची शिट्टी झाकली जाईल.

टायटल्स हीसुद्धा कन्व्हेन्शन आहे हे ग्रुप विसरतात. निर्मिती संस्था आधी, दिग्दर्शकाचं नाव बहुतेक शेवटी, आणि नावं चित्राच्या अंगावर येता कामा नयेत. ऑर्सन वेल्सच्या १९५८ च्या 'टच ऑफ इव्हिल'मध्ये गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवलेला आणि कॅमेरा तीन मिनिटांच्या वर कट न करता गाडीबरोबर फिरतो, स्टुडिओने त्यावर टायटल्स आणि संगीत चढवलं. १९९८ मध्ये वेल्सने स्टुडिओला लिहिलेल्या मेमोप्रमाणे पुन्हा एडिट केला तेव्हा ती टायटल्स तिथून काढली. दोन्ही बघा एकापाठोपाठ, लेखीसाठी एक अख्खा परिच्छेद मिळेल.

लेखीत 'आम्ही लो-की लाइटिंग (कमी उजेड, गडद सावल्या) वापरलं' अशी यादी देऊ नका. कन्व्हेन्शन कुठली, प्रेक्षक त्यामुळे कशाची वाट बघतो, आम्ही ती पाळली की अडवली आणि त्याने काय झालं, असं एकेक घेऊन लिहा. थिअरी लागतेच, तर फिल्म अभ्यासक स्टीव्ह नीलचं नाव द्या, जॉनर म्हणजे पुनरावृत्ती आणि फरक दोन्ही, हे त्याचं म्हणणं तुमच्या कामाला थेट लागू पडतं.

रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, झाला की ग्रुपबाहेरच्या चार जणांना दाखवा आणि ती फोनला हात घालते त्याच्या आधी पॉज करून विचारा, आता काय होणार? चौघंही "वर जाणार" म्हणाले तर तुमची कन्व्हेन्शन नीट बसलीय. कुणी "माहीत नाही" म्हणालं तर आधीचं सेटअप कच्चं आहे, बहुतेक घरी कुणी नाही तो फोनचा भाग ऐकू आलेला नसतो.

आणि तरीही चाकूवालंच करायचं ठरलं तर खोटा का असेना, तो घेऊन सोसायटीत किंवा रस्त्यावर शूट करण्याआधी सेक्रेटरीला आणि जवळच्या पोलीस चौकीत सांगून ठेवा, कॉलेजचं पत्र खिशात असू द्या.