पक्षाचं न ऐकणारा मध्यममार्गी नेता अमेरिकेत टिकतो का?

टिकतो. माझ्या मनात लगेच नाव येतं ते मार्क हॅटफिल्ड यांचं. ऑरेगनचे रिपब्लिकन. आधी राज्याच्या विधिमंडळात, 1959 पासून आठ वर्षं गव्हर्नर, आणि 1967 ते 1997 अशी तब्बल तीस वर्षं सिनेटर. एकही निवडणूक हरले नाहीत.

1995 चा मार्च घ्या. अंदाजपत्रक समतोल ठेवायची सक्ती करणारी घटनादुरुस्ती सिनेटसमोर होती. शंभरपैकी 67 मतं हवी होती, जमली होती 66. रिपब्लिकनांमध्ये अडून बसलेले एकटे हॅटफिल्ड. त्यांनी पक्षनेते बॉब डोल यांना सांगितलं, विरुद्ध मत देणारच. वाटल्यास राजीनामा घ्या. गणित बघा: ते गेले असते तर 99 पैकी 66, म्हणजे बरोब्बर दोन-तृतीयांश! डोल यांनी राजीनामा घेतला नाही आणि दुरुस्ती पडली. पक्षातली तरुण मंडळी इतकी खवळली की हॅटफिल्ड यांचं सरकारी खर्चाच्या समितीचं अध्यक्षपद काढायची भाषा सुरू झाली. ते शाबूत राहिलं.

हा ताठपणा आयत्या वेळी आलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते. इवो जिमा, ओकिनावा या जपानी बेटांवरच्या लढाया पाहिल्या आणि बॉम्ब पडल्यावर काही आठवड्यांतच हिरोशिमाही. पुढे 1966 मध्ये गव्हर्नरांच्या परिषदेत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या व्हिएतनाम धोरणाला पाठिंब्याचा ठराव आला, तेव्हा विरोधात एकच मत पडलं, ते यांचं. 1970 मध्ये डेमोक्रॅट जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्यासोबत सैन्य माघारीचा प्रस्ताव आणला. तो 55 विरुद्ध 39 असा फेटाळला गेला. हॉटेलं-दुकानांत वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या ऑरेगनच्या 1953 च्या कायद्यासाठीही ते झटले. देशव्यापी कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी आला. गर्भपाताला मात्र त्यांचा विरोध होता. म्हणजे मध्यममार्गी म्हणून प्रत्येक प्रश्नावर मधोमध बसणारे ते नव्हते, आणि मला ते याचसाठी मोठे वाटतात.

डागही आहेत, ते झाकू नयेत. मिळालेल्या भेटवस्तू जाहीर न केल्याबद्दल 1992 मध्ये सिनेटच्या नीतिमत्ता समितीने त्यांना ठपका दिला. देहदंडाला विरोध असूनही गव्हर्नर असताना 1962 मध्ये एका कैद्याचा देहदंड त्यांनी थांबवला नाही. हे मला जास्त खुपतं.

मग टिकले कसे? तिथे पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून सदस्यत्व जात नाही, हे एक. दुसरं, तिकीट दिल्लीसारख्या एखाद्या ठिकाणाहून वाटलं जात नाही. राज्यातले मतदारच प्राथमिक निवडणुकीत उमेदवार ठरवतात. आणि तिसरं, ज्यावर फार कमी लोक बोलतात: सरकारी खर्च मंजूर करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. पोर्टलंडचं आरोग्यविज्ञान विद्यापीठ, न्यूपोर्टचं सागरी संशोधन केंद्र यांसाठी त्यांनी भरभरून निधी नेला. युद्धाबद्दलचं त्यांचं मत न पटणारा ऑरेगनचा मतदारही हे काम डोळ्यांनी बघत होता.